साडूभाऊंचा गच्चीवरचा समुद्र

छत्रपती संभाजीनगरात राहून समुद्राची काळजी वाहणारा माणूस आमच्या साडूभाऊंखेरीज दुसरा सापडायचा नाही. कारण एवढंच, की त्यांची एकुलती एक लेक कोकणात दिली, अगदी समुद्राच्या काठी, अन् गेल्या वर्षापासून तिथल्या विहिरीला खारं पाणी लागलं. पोरगी डोक्यावरून हंडे वाहते हे ऐकल्यापासून ते हात धुऊन त्या पाण्याच्या मागं लागले.

औरंगपुऱ्यातून पत्रा, काळा रंग अन् काच आणून त्यांनी गच्चीवर एक पेटी बनवली. पेटीत खारं पाणी ओतायचं, उन्हानं त्याची वाफ होते, वाफ तिरक्या काचेला आतून धरते अन् ओघळून बाहेरच्या तांब्यात गोडं पाणी पडतं. इथवर मला कळलं. पण प्रयोगाला समुद्र कुठून आणावा? म्हणून आठवड्यानं नळाला आलेलं गोडं पाणी ते गच्चीवर न्यायचे, त्यात मूठमूठ मीठ कालवायचे अन् दिवसभर उन्हात बसून त्यातलं तांब्याभर गोडं करून खाली आणायचे. "अहो, ते आधी गोडंच होतं की!" मी म्हणालो. त्यांना माझी कीव आली. "साडूभाऊ, तुम्ही लई घाई करता राव." घरी येऊन मी पुन्हा विचार केला, कुणाचं चुकतंय ते मला अजून सांगता येत नाही. बादल्यांचाही घोळ व्हायचा. एकदा त्यांच्या साहेबांना खारा चहा गेला, अन् बिचारे "छान झालाय" म्हणून पिऊन गेले. मेव्हणी रोज करवादायची, "समुद्र करायचा तर तिकडं जाऊन करा, माझं प्यायचं पाणी नासू नका!"

शेवटी ते खरंच गेले, काच मांडीवर धरून, एसटीनं. परत आल्यावर मी विचारलं, "चालली का पेटी?"

"व्हय, झकास चालली. दिवस मावळायला तांब्याभर पाणी निघालं, पार गोड."

"मग तोंड असं का?"

"घरातली सगळी तांब्याकडं बघत उभी. अन् पोरीनं पहिला पेला माझ्याच हातात दिला. म्हणाली, बाबा, लांबून आलात, आधी तुम्ही घ्या. तिची सासूपण घ्या घ्या म्हणायला लागली. पाहुणा ना मी! नाय कसं म्हणायचं?" ते खाली बघत राहिले. "पोरीला पाणी द्यायला गेलो, अन् तिच्याच वाटचं पिऊन आलो हो."

मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर पुन्हा पत्रा ठोकल्याचा आवाज येतोय. या वेळची पेटी पलंगाएवढी आहे. ती एसटीत कशी चढणार, हे मला काही त्यांना विचारवलं नाही.