यादीराचे शनिवार

माझी भाची यादीरा डॉक्टर व्हायला निघाली आहे, आणि त्यापायी आम्हा सगळ्यांच्या डोक्याला ताप झाला आहे.

शाळेत होती तेव्हापासून ही पोर दर शनिवारी आमच्या गल्लीत घरोघर फिरते. पिशवीत चर्चने दिलेलं रक्तदाबाचं यंत्र आणि साखर तपासायच्या पट्ट्या. काम घटकाभराचं, पण टेक्सासच्या टोकाला, सरहद्दीच्या नदीकाठच्या आमच्या वस्तीत आलेल्या माणसाने ताटभर राजमा खाल्ल्याशिवाय कोणी त्याला आपले पाय दाखवत नाही. आणि साखर असलेल्यांचे पायच तर बघायचे असतात. म्हणून यादीरा घरोघर जेवते.

मेडिकल कॉलेजच्या अर्जात या सेवेचं वर्णन करायला बोटभर चौकट होती. हिने लिहिलं, शनिवारी शेजाऱ्यांकडे जेवते आणि त्यांचे पाय बघते. अर्जाला मदत करणाऱ्या सल्लागार साहेबांनी कपाळाला हात लावला आणि त्याचं 'वंचित समाजाच्या आरोग्य सक्षमीकरणात नेतृत्व' करून दिलं.

"वंचित कोण गं? आपल्या गल्लीतली ओफेलिया? तिच्याकडे दोन फ्रीज आहेत," मी म्हटलं.

यादीरा हसली नाही. "मावशी, खरं लिहिलं तर ते पोरखेळ वाटतं. हे लिहिलं तर मलाच माझी लाज वाटते."

चिडचिड करत, खोडत, पुन्हा लिहीत तिने शेवटी स्वतःचंच वाक्य ठेवलं. खाली साक्षीदाराचं नाव आणि फोन हवा होता. तिथे तिने ओफेलिया आजीचा दिला. म्हातारीच्या अंगठ्याची जखम यादीराने वेळेत पाहिली नसती तर पाय गेला असता. तिच्याइतकी भक्कम साक्ष दुसरी कोण देणार?

काल कॉलेजातून यादीराला फोन आला. मुलाखतीला बोलवायचा विचार होता, पण साक्षीदार बाई म्हणतात अशी कोणी मुलगीच नाही. आजच्या आज दुसरं नाव द्या, नाहीतर अर्ज बाजूला जाईल. हिने तिथल्या तिथे टायरवाल्या रामिरोचा नंबर दिला आणि तणतणत ओफेलियाच्या घरी गेली. मी मागोमाग.

ओफेलिया ओट्यावर बसली होती. हो, फोन आला होता म्हणाली. कोणी गोड बोलणारी बाई होती, यादीराचं पूर्ण नाव घेऊन ती कुठे राहते, कोणाकोणाच्या घरी जाते, सगळं खोदून विचारत होती.

"मी साफ सांगितलं, असली कोणी मुलगी मला माहीत नाही," ती म्हणाली. चेहऱ्यावर केवढा अभिमान!

आता हिच्यावर रागवायचं तरी कसं? आमच्याकडे निम्म्या लोकांजवळ या देशात राहायचे कागद नाहीत. परक्या माणसाने शेजाऱ्याची चौकशी केली की काय उत्तर द्यायचं, हे इथे लहान पोरालाही शिकवावं लागत नाही. यादीरा जन्माने इथलीच, तिला कसली भीती नाही. पण ओफेलियाने आयुष्यभर सगळ्यांना असंच सांभाळलं आहे.

"आजी, ते कॉलेज होतं. मला डॉक्टर करणारं कॉलेज." यादीराचा आवाज फाटला होता.

"सगळे असंच काहीतरी सांगतात, बाळा." म्हातारीने तिचा हात आपल्या हातात घेतला. "तू नको घाबरूस. मी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलंय."

यादीरा गर्रकन वळली. समोरच्या दुकानात रामिरो फोन खिशात टाकत होता. आम्हाला बघून तो हसत रस्त्यापर्यंत आला.

"कोणीतरी तुझी चौकशी करत होतं," तो म्हणाला. "नाही ओळखत म्हणून सांगितलं."