पुजलेला कम्प्युटर

यंदा दसऱ्याला मी आमच्या कम्प्युटरची इतकी मन लावून पूजा केली, की दुसऱ्या दिवशी त्याने घरातल्या कोणालाच ओळखलं नाही.

दसऱ्याला हत्यारं पुजायची आमच्याकडे रीत आहे. पूर्वी म्हणे तलवारी होत्या. आता आमच्या देवासच्या घरात यांचे पाने-पकडी (हे मोटारी दुरुस्त करतात), माझं शिलाई मशीन, विळी, स्कूटर आणि निखिलचा कम्प्युटर. निखिल आमचा मुलगा. पीथमपूरची नोकरी सुटल्यापासून वर्षभर घरीच होता. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याला पुण्याच्या एका कंपनीची तोंडी परीक्षा याच कम्प्युटरच्या कॅमेऱ्यासमोर द्यायची होती. मोबाइल चालणार नव्हता. दहाला तिकडून दार उघडणार आणि सव्वादहाला बंद, मग देव आला तरी आत घेत नाहीत म्हणे. तेव्हा मी ठरवलं, या वर्षी कम्प्युटरला काही कमी पडू द्यायचं नाही.

बाकीच्या हत्यारांना एकेक बोट हळदकुंकू. कीबोर्डवर मात्र मी प्रत्येक अक्षराला वेगळं बोट लावलं. (एकाला लावायचं आणि शेजारच्याला नाही, हे मला जमत नाही.) मूठभर अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल ठेवलं. धारहून माझी नणंद आली होती. वन्संनी नुसतं विचारलं, "पंचामृत नाही का?" मी घाबरून दोन चमचे पंचामृतही शिंपडलं. त्यात मध जरा सढळ हाताने पडला होता.

संध्याकाळी निखिल म्हणाला, एकदा चालू करून बघतो. वन्संनी अडवलं. पुजलेलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नसतं, आमच्या आजोबांनी कधी हलवलं नाही, म्हणाल्या. (आजोबांना दुसऱ्या दिवशी परीक्षा नव्हती, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. वन्संसमोर मला वेळेवर काही सुचत नाही.)

सकाळी निखिल वर पांढरा शर्ट, टाय आणि खाली घरातला लेंगा अशा थाटात बसला. मी फूल उचललं, वरवरच्या अक्षता झटकल्या, त्याच्या हातावर दही-साखर घातली. कम्प्युटरने पासवर्ड मागितला. निखिलने दिला. चुकीचा आहे म्हणाला. पुन्हा दिला. पुन्हा मागितला. तिसऱ्या वेळेला निखिलने एकेक अक्षर असं दाबलं, जसा डॉक्टर पोट दाबून कुठे दुखतंय ते विचारतो. बंद करून सुरू केला, तरी तेच. मधेच एकदा तो कुईं करून ओरडला आणि इंग्रजीत काहीतरी पाटी दाखवली, ती निखिलने घाईत वाचायच्या आतच घालवली. शेवटी तर, आता थोडा वेळ थांबा, असं कम्प्युटरनेच आम्हाला सांगितलं. आमच्या घरात, आमच्या टेबलावर बसून, आमच्या विजेवर!

हे म्हणाले, पोरगा पासवर्ड विसरला. निखिल म्हणाला, रोज टाकतो तो कसा विसरेन? यांचं म्हणणं, रोजचंच माणूस विसरतं. वन्सं म्हणाल्या, मला सांग, मी घालून बघते, तू घाईत चुकतोयस. निखिलचे कान लाल झाले. सांगणार नाही म्हणाला. मी आपली देवापुढे दिवा लावून आले, कारण करण्यासारखं दुसरं काही मला येत नव्हतं.

दहाला थोडाच वेळ उरला तेव्हा हे धावत जाऊन समोरच्या मोबाइलच्या दुकानातून पप्पू भियांना (आमच्या माळव्यात भैयाला भिया म्हणतात) घेऊन आले. मी दाराआड सरकले. इतकी वर्षं दुकान समोर आहे, पण मी त्यांच्याशी कधी बोललेले नाही. परकं माणूस आलं की मी दाराआडच बरी असते.

भियांनी दोनदा माउस फिरवला आणि मान हलवली. "अंदर से किसी ने ताला मार दिया हे भिया. पासवर्ड क्या हे?"

निखिलने वाकून कानात सांगितला. भियांना टाइप करताना मोठ्याने बोलायची सवय. "प... ल्ल... वी... एक, दो, तीन."

"कोण पल्लवी?" वन्संनी विचारलं.

"आत्या, परीक्षा होऊ दे ना आधी."

"धारची का?"

(पल्लवीचं प्रकरण वन्संनी त्याच दिवशी आपल्या हातात घेतलं. ते अजून त्यांच्याकडेच आहे.)

पासवर्ड चुकीचाच निघाला. मग भियांनी कडेचं डोळ्याचं चिन्ह दाबलं, तशी ठिपक्यांच्या जागी खरी अक्षरं दिसली. सगळी मोठी, आणि एक-दोन-तीनच्या जागी भलतीच चिन्हं. "शिफ्ट दबी पड़ी हे," भिया म्हणाले. ते बटण दाबून धरलं की अक्षरं मोठी होतात, सोडलं की लहान. आमचं सुटतच नव्हतं. भियांनी कीबोर्ड उलटा करून आपटला. तांदूळ पडले. लाल तांदूळ. मग झेंडूची पाकळी. मग परत तांदूळ. सगळ्यांनी आधी तांदळाकडे पाहिलं, मग दाराकडे, म्हणजे माझ्याकडे.

शिफ्ट मात्र मधात घट्ट बसलं होतं, खाली एक अक्षत धरून.

दहा वाजून गेले. हे पाना घेऊन आले, तो त्या बटणापेक्षा मोठा होता. वन्सं म्हणाल्या, उत्तरपूजा राहिलीये म्हणून अडलंय, आणि मूठभर ताज्या अक्षता घेऊन कीबोर्डवर टाकायला निघाल्या. यांनी त्यांचा हात वरच्या वर धरला. मोठ्या बहिणीचा हात यांनी धरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. निखिल नुसता घड्याळाकडे बघत होता. त्याचं तोंड असं झालं होतं, की मी दाराआडून बाहेर कधी आले ते मला कळलं नाही. बांगडीतली पिन काढली, शिफ्टखाली घातली आणि उचकटली.

बटण उडालं आणि टेबलाखाली गेलं. मीही त्याच्यामागे टेबलाखाली गेले.

वर टकटक झाली. "खुल गया!" असं भिया ओरडले. थोड्या वेळाने कोणा बाईंचा इंग्रजीतला आवाज आला, आणि एकदम पावलं पळाली, दार लागलं. नियम असा होता, की परीक्षा देणाऱ्याशिवाय खोलीत कोणी नको. दुसरं माणूस दिसलं की बाद. कॅमेऱ्याचं तोंड दाराकडे होतं. मी बटण मुठीत धरून निखिलच्या लेंग्याशेजारी बसले होते. त्याने पायाने मला हळूच मागे ढकललं. म्हणजे, हलू नकोस.

मी हलले नाही. गुडघे हनुवटीला, एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या धरलेल्या, नाकात कालचं कुंकू. शिंक आली ती पदरात दाबली. वर प्रश्न चालले होते, निखिल पटापट उत्तरं देत होता, आवाजावरून बरं चाललेलं वाटत होतं. मग माझ्या पायाला मुंग्या आल्या. मी जरासा, अगदी जरासा पाय सरकवला, आणि बांगड्यांवरचा हात सुटला.

बाई बोलता बोलता थांबल्या. मग चक्क मराठीत म्हणाल्या, "निखिल, खोलीत कोण आहे?"

वर्षभर पोराने घरी बसून काढलं, आणि आता चार बांगड्यांपायी सगळं पाण्यात जाणार.

"आई आहे, मॅडम. टेबलाखाली. बटण शोधत होती."

"त्या तुम्हाला उत्तरं सांगतायत का?"

"नाही, मॅडम."

"त्यांचं शिक्षण काय?"

निखिल अडखळला. माझं शिक्षण चारचौघांत सांगायची त्याच्यावर कधी वेळ आली नव्हती. मग मीच खालून म्हणाले, "चौथी पास."

"मग बसू द्या त्यांना," बाई म्हणाल्या. "पुढचा प्रश्न घेऊ."

निखिलला ती नोकरी लागली. सगळे म्हणतात, पोरगा हुशार आहे. आहेच तो. पण त्याची आई पाचवीत गेली असती तर त्या दिवशी तो बाद झाला असता, हे कोणी बोलत नाही.