सुलभाताईंनी निवडलेली खोली

फोनवर कुणी नकार दिला की सुलभाताई चष्मा लावायच्या, पेन हातात घ्यायच्या आणि गोड आवाजात म्हणायच्या, "पुट इट इन रायटिंग, डिअर." कौन्सिल असो, गॅसवाले असोत, नाहीतर डॉक्टरांची रिसेप्शनिस्ट, निम्मे लोक तिथंच नरमायचे. "तोंडी 'नाही' मी घेतच नाही गं," त्या मला सांगायच्या. "लिहायला बसलं की माणसाला जरा लाज वाटते."

दोन हजार पाचच्या सुमारास मी पुण्याहून नोकरीसाठी इंग्लंडला गेले आणि वॉटफर्डला त्यांच्या घरी भाड्यानं राहू लागले. ताई मूळच्या साताऱ्याच्या. नर्स म्हणून तिकडं गेल्या, वॉर्ड सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन्ही गुडघे दुखायचे. पण "गुडघ्यांचा सल्ला मी घेत नाही," असं म्हणत त्या रोज जिना चढून वरच्या खोलीत झोपायच्या.

एकुलता एक मुलगा मिलिंद ब्रॅकनेलला असायचा. जन्म तिकडचाच, मराठी मोडकं, पण माया अस्सल. एका रविवारी तो म्हणाला, "आई, माझ्याकडे तुझा खोली रेडी झाला आहे. ग्राउंड फ्लोअर, हँडरेल, सगळं. हे घर आता विकून टाकू."

"आधी मी जपानला जाऊन येते," ताई म्हणाल्या. "मग बोलू."

त्यांच्या वॉर्डातल्या एका जपानी पेशंटनं कधीकाळी तिकडच्या निक्को गावाबद्दल सांगितलं होतं. देवदारांच्या दाट राईत जुनं देऊळ, आणि पायऱ्याच पायऱ्या. मिलिंदनं लगेच टूर सुचवली: लिफ्टचं हॉटेल, पलंग, इंडियन जेवण. ताईंना मात्र देवळाजवळच्या रयोकानमध्ये उतरायचं होतं. म्हणजे जुन्या वळणाच्या जपानी घरात, जिथं चटईवर गादी घालून झोपतात.

"जमिनीवर झोपणार तू? उठणार कशी?" मिलिंद चिडलाच.

तो गेल्यावर ताईंनी कपबशा विसळून ठेवल्या. मग म्हणाल्या, "हॉस्टेलची खोली मेट्रननं दिली. लग्नानंतरची यांनी बघितली. आता शेवटची मुलानं बांधलीय. एक तरी खोली मला निवडू दे ना!"

मग संध्याकाळी माझ्या लॅपटॉपवर आमची शोधाशोध सुरू झाली. पहिलं रयोकान मोठं, नदीकाठचं, लिफ्टवालं. ताईंनी फोटो बघून नाक मुरडलं. "हे मिलिंदचंच हॉटेल आहे, नुसता किमोनो घातलाय." दुसऱ्याची बाग सुरेख होती, पण त्यांनी कळवलं, एकट्या पाहुण्याला आम्ही खोली देत नाही. ताईंनी माझ्याकडून उत्तर टाइप करून घेतलं: 'एकटी म्हणजे अर्धी नव्हे.' आणि ते नाव कायमचं खोडलं.

तिसऱ्या, अगदी छोट्या रयोकानच्या मालकीणबाईंचं उत्तर आठवड्यानं आलं. इंग्रजी तुटकं होतं. 'घर जुनं. जिना उभा. लिफ्ट नाही, पलंग नाही. मी पण म्हातारी. तुम्ही या.'

ताईंनी ते दोनदा वाचलं. "इथंच. जो आपली उणीव आधी सांगतो ना, त्याच्याकडे बिनघोर उतरावं."

आणि ऑक्टोबरात त्या खरंच एकट्या गेल्या.

पहिल्याच सकाळी गादीवरून उठता येईना. हाक ऐकून मालकीणबाई धावल्या, आधार द्यायला खाली बसल्या, आणि त्यांचेही गुडघे आखडले. "दोघी म्हाताऱ्या जमिनीवर, एकीची भाषा दुसरीला येत नाही, आणि हसतोय नुसत्या," ताई सांगायच्या. शेवटी खांबाला धरून दोघी उभ्या राहिल्या. देवळाच्या पायऱ्यांना अख्खी सकाळ लागली.

"वर काय बघितलंत?" मी विचारलं.

"काही नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. पण वर होते मी."

हीथ्रोवर त्यांना घ्यायला मी आणि मिलिंद गेलो होतो. त्यानं परस्पर व्हीलचेअर सांगून ठेवली होती. दार उघडलं आणि ताई बाहेर आल्या. खुर्चीत त्यांची बॅग बसलेली, खुर्ची ढकलत होत्या स्वतः ताई, आणि शेजारून मदतनीस बिचारा रिकाम्या हातांनी चालत होता.

गाडीत बसल्यावर मिलिंद हळूच म्हणाला, "घरी जायचं?"

"हो. वॉटफर्डला."

त्यानं आईचा सीटबेल्ट लावून दिला. मग त्यानं गाडी वॉटफर्डच्या रस्त्याला लावली.

पुढं मी पुण्याला परतले. चार वर्षांनी मिलिंदचा फोन आला.

"आई गेली. वॉटफर्डलाच, वर तिच्या बेडमध्ये." मग तो म्हणाला, "मी परत कधी फोर्स नाही केलं तिला. बरोबर केलं ना मी?"

"बरोबर केलंस," मी म्हणाले.