मऊपोटे डॉक्टर

पोट मऊ लागलं की बाकीचे डॉक्टर रोग्याला घरी पाठवत. आमचे डॉक्टर पोट मऊ लागलं की घाबरत. तपासताना तळहात पोटावर असे, पण नजर रोग्याच्या चेहऱ्यावर. रोगी कळवळतो आहे आणि हाताखाली पोट मात्र कणकेसारखं मऊ, असं दिसलं की ते स्वतःशीच पुटपुटत, "पोट मऊ, दुखणं फार. हे काही खरं नाही." हे ऐकून ऐकून उज्जैनच्या त्या सरकारी दवाखान्यात त्यांचं नावच मऊपोटे डॉक्टर पडलं. नव्या रोग्यांना ते आडनाव वाटे. एकाने तर अर्जावर 'श्रीमान मऊपोटे साहब' असं लिहून आणलं, आणि डॉक्टरांनी खाली सही केली.

मी तिथे कारकून होतो. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेर दरबारच्या चाकरीतलं, तेव्हा लेखणी आपल्या रक्तातच आहे असा माझा पक्का समज. मी वयाने लहान असूनही डॉक्टर मला 'भाऊराव, तुम्ही' म्हणत. त्यामुळे तो समज आणखी फुगला.

या मऊ पोटाच्या भीतीमागे त्यांची बायको होती. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही कागदांवर सह्या करता करता. बाईंच्या पोटात दुखायला लागलं, यांनी हात लावून पाहिलं, पोट मऊ. ओवा दिला आणि म्हणाले, "उगाच कुरकुरू नकोस." तिसऱ्या दिवशी इंदूरला पोट उघडलं तेव्हा हातभर आतडं काळं पडलेलं होतं. आतड्यातून रक्त परत नेणारी शीर गोठलेल्या रक्ताने गच्च भरली होती. बाई शुद्धीवर आल्याच नाहीत. "कुरकुरू नकोस हे माझं तिच्याशी शेवटचं बोलणं," असं म्हणून त्यांनी पुढचा कागद ओढला.

हा रोग तसा क्वचितच होणारा. तो काय आहे हे ते कंपाउंडरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना समजावत. "नळ चालू आणि मोरी तुंबलेली. घरात काय होईल? पाणीच पाणी. आतड्याचंही तेच. रक्त येतंय, पण जायला वाट नाही." मोरी तुंबायला सुरुवात होते तेव्हा पोट मऊच असतं, ते टणक होईपर्यंत आतडं मेलेलं असतं. आणि आमच्याकडे माणसं यायची ती टणक पोट घेऊनच. राम घाटावरचे एक पंडे असेच आले. घरच्यांनी तीन दिवस धरण, म्हणजे बेंबी, सरकली म्हणून पोट चोळून घेतलं होतं. "डाक्टर साब, धरन तो बैठ गई, दरद नहीं बैठा," असं त्यांचा भाऊ म्हणत होता. संध्याकाळच्या आत पंडे गेले. डॉक्टर बराच वेळ हात धूत राहिले.

रक्त गोठू न देणारं एक इंजेक्शन तेव्हा निघालं होतं, हेपॅरिन. ते लवकर दिलं आणि मेलेलं आतडं काढून टाकलं, तर माणूस वाचू शकतो असं डॉक्टरांनी वाचलं होतं. स्वतः मुंबईहून मागवलेल्या कुप्या रोगी न आल्यामुळे मुदत संपून फुकट गेल्या. मग त्यांनी हट्टच धरला की हे औषध सरकारी कपाटात कायम असलं पाहिजे. त्यांना दुसरं काहीच नको होतं. असा एक तरी माणूस पहिल्या दिवशी ओळखावा आणि त्या दिवशी औषध हाताशी असावं, एवढंच.

स्वातंत्र्य आलं, संस्थान विलीन झालं, आम्ही मध्य भारताचे झालो आणि कचेरीचे कागद शुद्ध हिंदीत लिहायचा हुकूम निघाला. डॉक्टर मराठीत सांगत, मी हिंदीत उतरवी. ते म्हणाले, "विषय लिहा, शिरेत रक्त गोठण्याच्या रोगावरचं औषध." मी झोकात लिहिलं, 'शिर में रक्त जमने के रोग की औषधि'. चार महिन्यांनी दोन मोठी खोकी आली. आम्ही सगळे भोवती जमलो, मी दोरी कापली. आत डोकेदुखीच्या गोळ्या! सोबत चिठ्ठी, 'शिरोरोग हेतु प्रेषित'. अर्जात दिलेलं औषधाचं इंग्रजी नाव वरच्या कचेरीच्या यादीत नव्हतं, म्हणून त्यांनी विषय वाचून जवळचं जे होतं ते पाठवून दिलं होतं.

डॉक्टरांनी माझी नक्कल मागवून वाचली. "भाऊराव, ही शीर आपली झाली. त्यांच्याकडे शिर म्हणजे डोकं. बाजारात काय म्हणता तुम्ही?"

"नस म्हणतो, साहेब."

"मग?"

"नस जरा बाजारू वाटलं."

यावर ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. इतकं हसताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. "राहू देत गोळ्या. या दवाखान्यात डोकी दुखायला काय कमी आहे?" म्हणाले. मीही हसलो. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

दुरुस्त केलेला अर्ज गेला. त्यावर शंका आल्या, शंकांना उत्तरं गेली, आणि मंजुरी येणार येणार म्हणेपर्यंत मध्य भारतच मोडला. नवा मध्य प्रदेश झाला, फायली भोपाळला निघाल्या. आमची फाईल कुठल्या गठ्ठ्यात गेली ते कुणालाच सांगता येईना.

त्याच हिवाळ्यात माझ्या वहिनीला पोटात दुखायला लागलं. मुलगी होऊन तीन आठवडे झाले होते. शेजारची बाई म्हणाली, "धरन टल गई है, चोळून देते." दादाला वाटलं, बाळंतिणीचे नखरे. मी मात्र धावत जाऊन डॉक्टरांना माधव नगरात आमच्या घरी घेऊन आलो. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि वहिनीच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"मी नाटक नाही हो करत," वहिनी म्हणाली.

"ठाऊक आहे मला, बाई. तुम्ही म्हणता तेवढंच दुखतंय."

अंगणात आल्यावर ते मला म्हणाले, "पहिल्या दिवशी सापडलं, भाऊराव. आयुष्यात पहिल्यांदा." कपाटात काय आहे ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मुंबईला तार केली. वहिनीला इंदूरला नेलं. त्या दिवशी तिथेही औषध मिळालं नाही. वीतभर आतडं काढलं, दुसऱ्या दिवशी ती बोलली, मुलीला जवळ घेतलं. मग शीर पुन्हा गोठली. चौथ्या दिवशी ती गेली आणि पाचव्या दिवशी मुंबईचं पार्सल आलं. डॉक्टरांनी ते न फोडता कपाटात ठेवलं.

त्यानंतर दादाचं डोकं दुखायला लागलं. "तुमच्या दवाखान्यातून गोळी आणत जा रे," तो म्हणाला. गोळी घ्यायला मी पहिल्यांदा त्या खोक्यात हात घातला तेव्हा डॉक्टर मागे उभे होते. कुणासाठी म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "न्या. शीर हा शब्द माझा होता. तुम्ही फक्त लिहिलात." मला रडू फुटलं. त्यांचं म्हणणं खरं नव्हतं, आणि ते खरं नाही हे त्यांनाही कळत होतं. नंतर त्यांनी 'पोट मऊ' म्हणणं सोडून दिलं. नुसता हात ठेवत आणि चेहऱ्याकडे पाहत.

निवृत्त होऊन ते मुलीकडे साताऱ्याला निघाले तेव्हा मी स्टेशनवर गेलो होतो. गाडी सुटता सुटता त्यांनी खिडकीतून विचारलं, "दादांना त्या गोळ्यांचं सांगितलंत का?"

"नाही."

"नका सांगू," ते म्हणाले. मग जरा थांबून, "की सांगावं? मला नाही कळत हो, भाऊराव." त्यांना काही कळत नाही असं त्यांच्या तोंडून मी तेव्हाच ऐकलं. पुढे दोन पत्रं आली, मग ते गेल्याचं मुलीचं कार्ड.

त्या दिवशी स्टेशनवरून घरी आलो तर दादा कपाळाला फडकं बांधून पडला होता. पुतणी त्याच्या पायाशी खेळत होती. मी गोळी आणि पाण्याचं भांडं पुढे केलं. त्याने गोळी गिळली आणि डोळे मिटून म्हणाला, "काही म्हण, तुमच्या सरकारी गोळ्या लागू पडतात हं. आहेत ना अजून?"

"आहेत," मी म्हटलं. "पुष्कळ आहेत."