रेवाशी बोलणाऱ्या सुलभाताई

सुलभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा रेवा माझ्या शेजारीच बसली होती. सासूबाई हळूच म्हणाल्या, तिला नको सांगूस, काय कळणार तिला... पण ताईंनी तर आधी तिलाच सांगितलं असतं. मी सांगितलं. ती कितीतरी वेळ माझी ओढणी मुठीत धरून बसली.

रेवा माझी अकरा वर्षांची मुलगी. स्वमग्न आहे, तोंडाने बोलत नाही. आम्ही बदलापूरला, शिरगावात राहतो. शाळेतून निवृत्त झालेल्या सुलभाताई अंबरनाथला आपल्या घरातल्या पुढच्या खोलीत अशा मुलांना शिकवायच्या. पहिल्या दिवशी मी रेवाची कहाणी सुरू केली, तर त्या तिच्याजवळ जमिनीवर बसून म्हणाल्या, "आई तुझ्याबद्दल सांगतेय हं. आवडलं नाही तर ढकल तिला." रेवाने मला लगेच ढकललं. ताई खळखळून हसल्या.

गेल्या वर्षी रेवा एकाएकी स्वतःच्या गालावर मारून घ्यायला लागली, ताट भिरकावायला लागली. शाळेने हट्टीपणा म्हटलं, काही दिवस घरीच ठेवा म्हणून सांगितलं. नातेवाइकांच्या मते आम्ही लाडावून ठेवली होती. ताई मात्र म्हणत राहिल्या, ती काहीतरी सांगतेय, आपल्यालाच ऐकू येत नाहीये. रेवा टॅबवरच्या चित्रांवर बोट ठेवून पाणी, पोळी, झोका मागायची. पण दुखतंय हे सांगायला तिच्याकडे चित्रच नव्हतं. ताईंनी त्यात डोकं, कान, दात, पोट अशी चित्रं घातली आणि रोज आपल्या अंगावर बोट ठेवून 'इथे दुखतंय' असं दाखवत राहिल्या. आठवडे गेले... एका दुपारी रेवाने आपणहून चित्र दाबलं. टॅब बोलला, "दात." पुन्हा तेच, पुन्हा तेच. दाढ आतून पार किडली होती.

दाढ काढून आल्यावर ताई तिच्यासमोर बसल्या. "आम्हाला कळायला उशीर झाला गं. तू केव्हाची सांगत होतीस." रेवाने त्यांच्या कपाळाला आपलं कपाळ टेकवलं. मग ताई स्वतः शाळेत जाऊन बोलल्या, आणि रेवा पुन्हा शाळेत जायला लागली.

गेल्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. रेवा थेट पुढच्या खोलीत जाऊन चटईवर बसली. ताईंचा मुलगा मला विचारायला लागला, हिला काही हवंय का... आणि मध्येच थांबला. खाली वाकून त्याने रेवालाच विचारलं, आणि उत्तराची वाट बघत राहिला. बऱ्याच वेळाने टॅब बोलला, "बस."

तो तिच्याजवळ बसला. मीही बसले.