गोजरबाईची ऐंशी माणसं

आमच्या डोंगरखेडात बायकांचे हात गोजरबाई कासारणीइतके कुणालाच ठाऊक नव्हते. कुणाच्या अंगठ्याचा सांधा आडवा येतो, कुणाच्या मनगटावर लहानपणी भाजल्याचा डाग आहे, हे ती न बघता सांगायची. बांगड्या भरताना ती आधी हात नुसताच हातात घेऊन बसायची, माहेरचं काहीतरी विचारायची. बाई बोलायला लागली, हात सैल पडला, की बांगडी कधी सरकली ते कळायचंसुद्धा नाही. मी १९६४ साली लग्न होऊन या गावात आले, तेव्हा पहिल्या संक्रांतीला माझ्या हातात तिनंच बांगड्या भरल्या. माझे सासरे नारायणराव तेव्हा गावचे सरपंच. म्हणून त्यानंतरच्या उन्हाळ्यात जे घडलं त्यातलं बरंचसं मी आमच्याच घरात, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहिलं.

तो १९६५ चा उन्हाळा. पटकीची साथ देशोदेशी फिरत इकडे आल्याचं पेपरात येत होतं, पण पेपरातली गोष्ट आपल्या गावात येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. वैशाखात एक माणूस बाजार करून आला, दुसऱ्या दिवशी सकाळी आजारी पडला आणि दिवस मावळायच्या आत गेला. विहिरी तळाला गेल्या होत्या, अख्खं गाव दोन विहिरींवर पाणी भरत होतं. आठवडाभरात आणखी चार माणसं गेली. म्हातारी माणसं म्हणत मरीमाय आली, सरकारी माणसं म्हणत कॉलरा.

टोचायचं औषध सगळीकडेच हवं होतं आणि येत होतं थोडं. आमच्या चौदाशे वस्तीच्या गावाला पहिल्या खेपेला दोनशे माणसांपुरतं आलं. चावडीपुढे रांग लागली. रांगेत पुढे पोचले ते धडधाकट, पायात जोर असलेले. गोजरबाईची सासू तानाबाई सत्तरी उलटलेली. तीही काठी टेकत गेली होती. रांगेत उभं राहवेना म्हणून लिंबाखाली सावलीत बसली. आपल्याला कुणी हाक मारील असं तिला वाटलं. दुपारी औषध संपलं, माणसं पांगली, आणि तानाबाई होती तिथंच बसलेली होती. गोजरबाई त्या दिवशी बांगड्या घेऊन साखरखेर्ड्याच्या बाजारला गेलेली.

पाचव्या दिवशी तानाबाई गेली. सकाळी दोनदा ओकली, दुपारी तिचे डोळे खोल गेले. बैलगाडी जुंपेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

सुतक फिटायच्या आधीच गोजरबाई आमच्या अंगणात आली. ओट्यावर सासरे आणि गावातली पाच-सहा माणसं बसली होती. आणखी ऐंशी माणसांपुरतं औषध येणार असा निरोप आला होता आणि ते कुणाला द्यायचं यावर बोलणं चाललं होतं. बहुतेकांचं म्हणणं, राहिलेल्या कमावत्या माणसांना आधी द्यावं. म्हाताऱ्यांचं आयुष्य झालं, घर चालवणारा गेला तर काय करायचं. हे बोलणाऱ्यात वाईट माणूस कुणी नव्हता. माझे सासरेही मान हलवत होते.

गोजरबाई पायरीखाली उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, "भाऊ, तरणा माणूस दोन कोस चालून अमडापूरच्या दवाखान्यात जाऊ शकते. तिथं नाही भेटलं तर चिखलीले जाईन. म्हातारं माणूस कुठं जाईन? त्याच्यासाठी औषध येऊन येऊन इथवरच येते."

कुणीतरी म्हणालं, पण म्हातारी चावडीपर्यंत तरी येतील का? रांगेत उभी राहतील का?

"नाही राहणार. माही सासू नाही राह्यली. म्हणून सुईच घरोघर न्यावी लागते. कोणत्या घरात कोण पडून हाये, मले ठावं हाये."

सासऱ्यांनी ओट्यावरच्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. शेवटी म्हणाले, "ऐंशीच्या ऐंशी म्हाताऱ्याईले. पण नावं तू आणायची."

तिला लिहिता येत नव्हतं. घरी तिच्याकडे जोड नसलेल्या सुट्या बांगड्यांची पाटीभर रास होती. एकेक घर आठवून तिनं एका सुतळीत एकेक बांगडी ओवली. अंथरुणाला खिळलेल्यांची काळी, ओट्यापर्यंत येऊ शकणाऱ्यांची हिरवी. ऐंशी बांगड्या झाल्या तेव्हा सुतळीला गाठ मारली. ज्याला टोचून झालं त्याची बांगडी काढून घ्यायची, असा तिचा हिशेब.

औषध घेऊन इंद्रभान आला. तिशीच्या आतला, जिल्हा परिषदेत टोचणीच्या कामावर लागलेला, मेहकरकडचा बौद्ध घरातला पोरगा. सायकलला मागे पेटी बांधलेली, पेटीत औषधाच्या चार बाटल्या, काचेची पिचकारी, सुया आणि उकळायला स्पिरिटची बत्ती. एका बाटलीत वीस माणसांचं औषध, आणि एकदा उघडलेली बाटली त्याच दिवशी संपवायची, नाहीतर वाया. गोजरबाईनं पहिली सुई स्वतःच्या दंडात टोचून घेतली. तिथंच कुणीतरी टोमणा मारला, की म्हाताऱ्यांसाठी भांडली आणि पहिला घास स्वतःच खाल्ला. ती चिडली नाही. मी ऐंशी घरांत जाणार आहे, मीच आजारी पडले तर घरोघर आजार वाटत फिरेन, एवढंच तिनं सांगितलं. सुतळीवरून आपल्यापायी एका म्हाताऱ्याची बांगडी काढावी लागली, हे मात्र तिला लागलं होतं. ते ती नंतर माझ्याजवळ बोलली.

पहिल्याच दिवशी ती दोघं आमच्या घरी आली. सासऱ्यांची आई सत्यभामाबाई, माझी आजेसासू, माजघरात बाजेवर पडून असायची. पंचाहत्तरीची, स्वभावानं करारी. इंद्रभान दारात दिसताच तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या पोराचा हात मला लागायला नको, असं ती हळू आवाजात पण त्याला ऐकू जाईल असं बोलली. इंद्रभान मागे सरला आणि अंगणात जाऊन सुई उकळत बसला. हे त्यानं यापूर्वीही ऐकलं असणार. मला फार ओशाळल्यासारखं झालं, पण नव्या सुनेनं काय बोलावं?

गोजरबाई बाजेच्या कडेला बसली आणि म्हातारीचा हात तिनं हातात घेतला. पूर्वी दर सणाला तिनं या हातात बांगड्या भरल्या होत्या. सत्यभामाबाईचा नवरा गेल्याला वीस वर्षं झाली होती. तेव्हापासून कासारणीला तिच्या खोलीत यायचं कारणच उरलं नव्हतं. गोजरबाई त्या मोकळ्या मनगटावरून अंगठा फिरवत राहिली. सत्यभामाबाई म्हणाली, हात किती वाळला बघ. मग तिच्या माहेरच्या मळ्याचं, तिथल्या संत्र्यांचं बोलणं निघालं.

थोड्या वेळानं गोजरबाई म्हणाली, "माय, आज सकाळी माह्या दंडात त्यानंच सुई टोचली. माहा दंड त्यानं धरला होता. त्याच्या हाताचा विटाळ होत असंल, तर माहाबी हात सोडून दे."

सत्यभामाबाईनं तिच्याकडे पाहिलं. म्हातारीनं हात सोडला नाही. मग डोळे मिटून ती म्हणाली, "बलाव त्याले."

इंद्रभान आत आला. त्यानं दंड पुसला, टोचलं आणि जाताना, "आजी, रात्री थोडा ताप येईन, भिऊ नका," असं सांगून गेला. सत्यभामाबाईनं त्याला उत्तर दिलं नाही. पण थोड्या वेळानं मला म्हणाली, त्या पोराला पाणी विचारलं का? मी तांब्या घेऊन अंगणात धावले.

त्या दिवशी दोन बाटल्या संपल्या. उन्हं उतरल्यावर आमच्याच ओट्यावर दोघं बसली. गोजरबाई सुतळीवरच्या उरलेल्या बांगड्या बोटांनी मोजत नावं सांगत होती आणि इंद्रभान वहीत लिहीत होता. लिहून झाल्यावर त्यानं वही चाळली आणि विचारलं, "मावशी, बौद्धवाड्यातलं एकबी नाव कसं नाही?"

गोजरबाईनं सुतळी खाली ठेवली. तिचा चेहरा मला अजून आठवतो. तिथल्या बायका बांगड्या भरायला तिच्या ओट्याच्या कडेला येऊन बसत. ती मात्र त्यांच्या घरात कधी गेली नव्हती. गावची रीत तशी होती आणि तिनंही ती मोडली नव्हती. त्यामुळे त्या घरांमध्ये कोण म्हातारं आहे, कोण पडून आहे, हे तिला माहीतच नव्हतं. सकाळी माझ्या आजेसासूला जे सुनावलं होतं, ते आता तिच्याकडेच उलटून आलं होतं.

"त्या घराईत माहा पायच पडला नाही, भाऊ," ती म्हणाली. "चूक माही हाये." आणि दिवस होता तोवरच ती उठून निघाली.

बौद्धवाड्यात केसरबाई नावाची सुईण होती. गोजरबाईनं तिला गाठलं आणि घरं दाखव म्हणून विनवलं. इतक्या वर्षांनी आज रस्ता सापडला का, असं केसरबाईनं विचारलं. गोजरबाईनं त्यावर सबब सांगितली नाही. मग केसरबाईनं तिला एकेक उंबरा ओलांडून आत नेलं. चौदा म्हातारी माणसं निघाली. त्यात केसरबाईची सासू होती, दोन वर्षांपासून आंधळी.

औषध मात्र ऐंशीच माणसांचं होतं. चौदा बांगड्या आत आल्या तर चौदा बाहेर काढायला हव्या होत्या. गोजरबाईनं हिरव्यांमधून त्या काढल्या. जी माणसं गाडीत बसून अमडापूरपर्यंत जाऊ शकतील अशांच्या. पहिली काढली ती स्वतःच्या सासऱ्याची, तुळशीरामची. मग त्या प्रत्येकाच्या घरी जाऊन, तोंडावर सांगितलं की उद्या तुम्हाला सुई नाही. कुणी समजून घेतलं, कुणी वाट्टेल ते बोललं. तुळशीराम दोन दिवस सुनेशी बोलला नाही. बायको गेली आणि आता सूनही मलाच वगळते, असं तो दारावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत बसला.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोन्ही बाटल्या शेवटच्या थेंबापर्यंत लागल्या. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी आमच्या दोन गाड्या जुंपून दिल्या आणि गोजरबाई वगळलेल्यांना घेऊन अमडापूरला गेली. तुळशीराम कुरकुरत का होईना, गाडीत चढला. तिथं त्या दिवशी औषध होतं. गाडीतल्या चौदाही जणांना, पहिल्या दिवशी तिच्यापायी राहिलेल्या त्या म्हाताऱ्यालाही, टोचून मिळालं.

वगळलेल्यांपैकी पंधरावा उकंडराव. ज्या बाईनं माझं नाव खोडलं तिच्या गाडीत मी बसणार नाही, असं म्हणून तो घरीच राहिला. गोजरबाई त्याच्या दारात दोनदा जाऊन आली. दहाव्या दिवशी त्याला पटकी झाली आणि तो गेला.

टोचलेल्यांमधलीही दोन माणसं त्या साथीत गेली. सुईनं सगळेच वाचतात असं नाही, हे इंद्रभाननं आधीच सांगितलं होतं. पण बाकीची राहिली. पावसाळ्याच्या तोंडी विहिरींत औषध पडलं आणि साथ ओसरली. सत्यभामाबाई पुढं सहा वर्षं जगली. केसरबाईच्या सासूनं नातवाचं लग्न कानांनी ऐकलं.

उकंडरावाच्या सुनांनी गोजरबाईकडून पुन्हा कधी बांगड्या भरल्या नाहीत. त्यांच्या दारावरून जाताना ती थांबायची, हाक मारायची, उत्तर आलं नाही की पुढे जायची. दर फेरीला हाक मात्र चुकली नाही. फेरीत आता बौद्धवाडाही असायचा. सुरुवातीला तिच्या भावकीत यावरून कुरबूर झाली. तुळशीरामनंच ती बंद केली म्हणे.

देवीची लस टोचणारं पथक दोन वर्षांनी आलं तेव्हा त्यांनी सरपंचांचं घर विचारलं. सासऱ्यांनी त्यांना चहा पाजला आणि सरळ गोजरबाईकडे पाठवून दिलं.

एकदा बांगड्या भरून घेताना मी तिला विचारलं, उकंडरावाचं मनातून जातं का गं? माझा हात तिच्या हातात होता.

"नाही जात," ती म्हणाली. "त्याच्या दारात तिसऱ्यांदा जायाले पायजे होतं."