तपासनीस बाईंचा शेरा

आमच्या तपासनीस बाई सात वर्षांच्या होत्या आणि ऐकीव गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. "कशावरून?" हा त्यांचा ठरलेला शब्द. मी शाळामास्तर, नंदनवन वस्तीतला त्यांचा शेजारी. पृथ्वी गोल आहे असं एकदा सहज बोलून गेलो, तर लगेच, "कशावरून? तुम्ही पाहून आले का, काका?" वीस वर्षं शिकवत होतो, पण पाहिली मीही नव्हती. तपासनीस हे नाव त्या दिवशी मीच ठेवलं.

त्या उन्हाळ्यात तिला रक्ताचा कर्करोग निघाला. घरात तो शब्द कोणी उच्चारत नसे, "रक्त कमी आहे" म्हणत. रामदासपेठेतल्या दवाखान्यात मोठे डॉक्टर मागे शिकाऊ डॉक्टरांची वरात घेऊन फिरत. पाठीच्या मणक्यात सुई घालण्याआधी ते म्हणाले, "मुंगी चावल्यासारखं वाटेल, बेटा."

"तुमाले टोचली होती का?"

वरातीत कोणीतरी हसलं. डॉक्टर हसले नाहीत. "नाही," ते म्हणाले. "दुखेल. आईचा हात घट्ट धर." तिने इतका घट्ट धरला की आईच्या दोन बांगड्या फुटल्या.

श्रावणात तिचे केस गेले. परत येतात, असं तिच्या बाबांनी सांगितलं. "कशावरून?" बाबा कचेरीतले अबोल कारकून. ते उठले, न्हाव्याकडे गेले आणि डोक्याचा चकोट करून आले. "आता दोघांचे संगच येतील. तूच तपास."

आपल्याकडे कर्त्या माणसाने चकोट केला की त्याचा बाप गेला, असंच लोक धरून चालतात. सीताबर्डीच्या बाजारात भेटेल तो चेहरा पाडून विचारी, "कोण गेलं गा?" दोघं तर भेटायला थेट घरी आले. दार आजोबांनीच उघडलं. "या, बसा. मी गेलो नाही अजून. चहा घेता का?" तपासनीस बाई हसून हसून खाटेवर आडव्या झाल्या. तेवढा आठवडा बरा गेला.

दर रविवारी तपासणी होई. बाबा डोकं वाकवत, ती त्यावरून तळवा फिरवी आणि मग स्वतःच्या डोक्यावरून. पहिल्याच रविवारी बाबांचे खुंट हाताला लागले. "तुम्ही माझ्यापेक्षा समोर निघून गेले," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

पुढच्या शनिवारी मी न्हाव्याकडे बसलो होतो. बाबा आले आणि पुन्हा गुळगुळीत होऊन उठले. "मास्तर, तिले सांगू नका." मी सांगितलं नाही. न पाहिलेलं छातीठोक सांगायची मला सवय होती, पाहिलेलं लपवणं त्याहून सोपं गेलं. पुढे प्रत्येक शनिवारी हेच चाललं.

थंडीत औषधं लागू पडेनात. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्यानंतरच्या रविवारी तिने बाबांच्या डोक्यावर ठेवलेला हात बराच वेळ उचलला नाही.

"बाबा, तुमचे येऊन राहिले होते ना?"

बाबांना सोडवायला मीच विचारलं, "कशावरून?"

"कानामागं कापलं आहे. दर रविवारी ताजंच राहते." मग बाबांना म्हणाली, "आता वाढू द्या. थंडी वाजत असंन."

बाबांनी ऐकलं. संक्रांतीच्या आधी ती गेली. लेकरासाठी बाप डोकं भादरत नाही, तशी रीत नाही.

पुढे उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर सीताबर्डीला गेलो होतो. त्यांनी तेल लावून भांग पाडला होता. ओळखीचे चारजण भेटले, नमस्कार करून, हसून गेले. कोण गेलं, असं एकानेही विचारलं नाही.